सोबतीचं लेखाशीर्ष

(दृश्य: टेबलावर दोन जाड फाइली, पंच मशीन, शिक्क्याचं पॅड)

ही फाइल अनुदानाची. घरातल्या मारहाणीतून किंवा लैंगिक अत्याचारातून बाहेर पडणाऱ्या बाईला आधार देणारी संस्था ठाण्यात असो वा नवी मुंबईत, तिच्या कपाटात अशी एक फाइल असतेच. वर नोंदणी प्रमाणपत्र, 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालचं. त्याखाली 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालचा न्यास क्रमांक. मग लेखापरीक्षण अहवाल, पॅन, आयकर सवलतीची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, कार्यकारिणीचा ठराव, रद्द केलेला चेक.

सगळ्यात तापदायक कागद दिसायला अगदी साधा आहे: विश्वस्तांची यादी. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत कागदावर जुनीच नावं राहतात. बँकेत सही एकीची, यादीत नाव दुसरीचं, आणि प्रस्ताव त्रुटीत निघतो. बँकेच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलला, किंवा खात्यावरच्या नावात नोंदणीपेक्षा एक शब्द कमी असला, तरी गत तीच. पैसे मंजूर, पण जमा नाहीत.

(दृश्य: ठाणे, कोर्ट नाका. सकाळची गर्दी, काळे कोट, पायरीवर बसलेल्या बायका. चेहरे धूसर)

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 ला लागू झाला. त्याच्या कलम 10 नं स्वयंसेवी संस्थेला सेवा पुरवठादार म्हणून जागा दिली. बाईची इच्छा असेल तर कौटुंबिक घटना अहवाल लिहून तो दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकारी यांच्याकडे पाठवायचा, वैद्यकीय तपासणी करवून घ्यायची, हवा असेल तर निवारा मिळवून द्यायचा. कलम 30 तर या कामापुरतं संस्थेच्या कार्यकर्त्यांना लोकसेवक मानतं.

लोकसेवक मानलं, पण पगाराचं काय? कलम 10 मध्ये पैशाबद्दल अवाक्षर नाही. उलट, नोंदणीसाठी आधीची किमान तीन वर्षं हीच सेवा दिलेली असावी लागते. ही तीन वर्षं पदरमोड करूनच काढायची.

अर्ज दाखल झाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लागावी आणि त्या तारखेपासून 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कलम 12 सांगतं. प्रत्यक्षात तारखा वाढत जातात, आणि प्रत्येक तारखेला कुणीतरी बाईसोबत जावं लागतं. या पायरीवर बसलेल्यांत ती सोबत करणाऱ्या कार्यकर्त्याही आहेत.

(दृश्य: भिंतीवरचा पाळीचा तक्ता, त्यात पेन्सिलीनं खोडलेली नावं)

हा तक्ता रात्रंदिवस चालणाऱ्या फोनचा. आठवड्याचे तास 168. एका कार्यकर्तीनं 48 तास काम केलं तर साडेतीन माणसं लागतात, तीही कुणी आजारी पडत नाही असं धरून. सुट्ट्या, कोर्टाचे दिवस आणि दवाखान्याच्या फेऱ्या मिळवल्या की पाच. प्रस्तावाच्या तक्त्यात 'समुपदेशक: 1, सहायक: 1' लिहिलं जातं, तेव्हा उरलेल्या रात्री कुणाच्या, हे विचारणारा रकानाच नसतो.

पैसा येतो तरी कुठून? 2013 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 1,000 कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. त्यातून 1 एप्रिल 2015 पासून 'सखी' वन स्टॉप सेंटर सुरू झाली: एकाच छताखाली दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन यांची सोय आणि पाच दिवसांपर्यंत मुक्काम. आता ही केंद्रं केंद्राच्या मिशन शक्ती योजनेच्या 'संबल' भागात येतात आणि सगळा खर्च केंद्र सरकार उचलतं. पाच दिवसांनंतर काय, याचं उत्तर त्याच योजनेच्या 'सामर्थ्य' भागातल्या शक्ती सदन या निवाऱ्यात. जुनी स्वाधार गृहं आणि तस्करीतून सुटलेल्या बायांसाठीची उज्ज्वला योजना (गॅसची नव्हे) एकत्र करून ती झाली. इथं केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. दोन खिशांतून पैसे यायचे म्हटल्यावर एक खिसा उशिरा उघडला की दुसऱ्यालाही थांबावं लागतं.

राज्याच्या मनोधैर्य योजनेतून लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला 10 लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत. ते पैसे तिचे, संस्थेचे नव्हेत. तिला मिळालेले आणि संस्थेला दिलेले आकडे एकत्र करून 'इतका खर्च केला' असं सांगायची सवय आहे, म्हणून हे वेगळं सांगितलं.

(दृश्य: संगणकाचा पडदा, देयकाची स्थिती, टेबलावर मार्च महिन्याचं पान उघडं असलेलं कॅलेंडर)

शासन निर्णय निघतो. बीम्स या राज्याच्या अर्थसंकल्पीय संगणक प्रणालीवर तरतूद दिसते. जिल्हा कार्यालयातले आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे सरकारी पैसे काढून वाटणारे अधिकारी, देयक तयार करतात, ते कोषागारात जातं. केंद्राचा हप्ता असेल तर पीएफएमएस या केंद्राच्या निधी-नोंद प्रणालीवर नोंद लागते. यात प्रत्येक पायरी रास्त आहे. पैसा जनतेचा आहे, हिशेब हवाच. घोळ वेळेचा आहे. भाडं, वीजबिल, मानधन एप्रिलपासून सुरू होतं आणि हप्ता वर्षअखेरीला आला की अकरा महिन्यांचा खर्च उधारीवर झालेला असतो. उरलेली रक्कम 31 मार्चच्या आत दाखवायची, म्हणून मग गाद्या आणि कपाटं घेतली जातात. गादीचं बिल एका दिवसात मिळतं. रात्री दोन वाजता मुंब्र्याहून कळव्याच्या रुग्णालयात नेलेल्या रिक्षाचं बिल कुणी देत नाही.

केंद्राच्या अनुदानावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, केंद्राच्या वित्तीय नियमांच्या जीएफआर 12-ए नमुन्यात द्यावं लागतं. अनुदानावर बँकेनं दिलेलं व्याजही सरकारजमा करावं लागतं. ते चुकून चालू खर्चात मिसळलं, की रक्कम कितीही किरकोळ असो, ताळमेळ बसेपर्यंत पुढचा हप्ता अडतो. म्हणून जाणत्या संस्था प्रत्येक योजनेचं खातं वेगळं ठेवतात.

परदेशी देणगीचा आधार होता, तोही परदेशी देणगीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर आटला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेनं दुसरीला परदेशी निधी देणं बंद झालं. मोठ्या संस्थेमार्फत वस्तीतल्या छोट्या गटाला मिळणारी वाट त्यामुळे बुजली. उरली सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायची रक्कम. महापे, ऐरोली, घणसोलीत कंपन्यांची काही कमी नाही, पण त्यांना शिलाई यंत्रं आवडतात. यंत्रं फोटोत छान दिसतात.

(दृश्य: हार्बर लोकलच्या खिडकीतून बेलापूर मागे पडतं, पुढचं स्टेशन खारघर)

बेलापूर ते खारघर, एकच स्टेशन. मधे जिल्हा बदलतो. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच. महापालिका वेगळ्या: इकडे नवी मुंबई, तिकडे 2016 पासून पनवेल. खारघरच्या बाईला पोलीस नवी मुंबईचे, जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला, आणि जवळची संस्था कदाचित नेरूळला. योजनेचा पैसा जिल्ह्यानुसार मोजला जातो. नेरूळच्या संस्थेनं तिच्यावर केलेला खर्च कुठल्या जिल्ह्याच्या अहवालात दाखवायचा, यावर पत्रव्यवहार होतो.

कायदा इथं योजनेपेक्षा शहाणा निघाला. 2005 च्या त्याच कायद्याच्या कलम 27 प्रमाणे बाई तात्पुरती जिथं राहते, तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. खारघरहून निघून ऐरोलीत आसरा घेतलेली बाई बेलापूरच्या न्यायालयात दाद मागू शकते.

(दृश्य: रुग्णालयाची मार्गिका, ट्रेवर कागदी पाकिटं, लाख, लेबलं)

रुग्णालयात चित्रण इतकंच. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं तिला तातडीचे उपचार मोफत द्यायचे. आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपचार, तपासणी, नमुने यांसाठी वेगवेगळी संमती घ्यायची. नकार दिला तर तो नोंदवायचा, उपचार थांबवायचे नाहीत. कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते, बुरशी येते, पुरावा जातो. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेता येतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायचं.

पहिली गोळी रुग्णालय देतं. अठ्ठाविसावी घेतली का, हे कार्यकर्ती विचारते. मळमळ होते म्हणून औषध मधेच सुटण्याची भीती असते. तेव्हा तिला पुन्हा दवाखान्यात नेणारी कार्यकर्तीच असते. या फोनला आणि फेरीला लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबात खर्चाचा रकाना, नाही.

हप्ता थांबला की आधी रात्रीची पाळी बंद होते, मग अनुभवी समुपदेशक नोकरी सोडते. बाया परत त्याच घरी जातात.

(दृश्य: पोलीस ठाण्यातली छोटी खोली, दोन खुर्च्या, टेबल)

सरकारला हे जमत नाही असं नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्य सरकारनं तो स्वीकारला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. पोलीस ठाण्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात, मानधन सरकारकडून. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2001 मध्ये महापालिका आणि आरोग्यावर संशोधन करणारी सेहत संस्था यांनी सुरू केलेलं 'दिलासा' केंद्रही पुढे इतर रुग्णालयांत गेलं. दोन्हीकडे सरकारी पैसा खोलीपुरता थांबला नाही, माणसापर्यंत पोचला.

ठाण्यात आणि नवी मुंबईत हे करायला नवी योजना लागणार नाही. महापालिकेच्या अर्थसंकल्पात महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के तरतूद करायची असते. जिल्हा वार्षिक योजनेत 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी ठेवण्याचा राज्याचा निर्णय 2021 चा. त्यात तीन ओळी हव्यात: सोबतीचा प्रवासखर्च पावतीऐवजी ठरावीक दरानं, रात्रपाळीचा भत्ता, आणि पहिला हप्ता एप्रिलमध्ये आगाऊ. प्रस्ताव अर्थसंकल्पाच्या तयारीआधी, दिवाळीच्या सुमारास द्यावा. फेब्रुवारीत दिलेला प्रस्ताव पुढच्या वर्षाचा होतो.

(पडद्यावर अक्षरं)

महिला हेल्पलाइन 181. तातडीची मदत 112. मोफत कायदेशीर सल्ला 15100. वकील मोफत मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. यापैकी कुठलाही फोन करण्याआधी पोलिसांत तक्रार केलेली असावी लागत नाही.