सभागृहाचं दुसरं वर्ष

इथं येताना मंडळाच्या पोरांनी विचारलं, "काका, नगरपरिषद बांधू म्हणते त्या सभागृहाच्या बाजूनं बोलणार का विरोधात?" म्हटलं, आधी चहा पाजा, मग सांगतो. चहा झाला. आता सांगणं भाग आहे.

माझी सगळी नोकरी नगरपरिषदांच्या लेखा विभागात गेली. त्यामुळे बोलण्यात नाटक कमी आणि खतावणी जास्त येईल, सांभाळून घ्या.

गावात सध्या दोन तट आहेत. एक म्हणतो, झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रातभर नाटकांचा मुलूख, तालुक्याचं ठिकाण आणि धड एक सभागृह नाही! दुसरा म्हणतो, नळाला दिवसाआड पाणी अन् तुम्हाला एसी हॉल पाहिजे का जी? दोघांनाही कायद्यात आधार सापडतो. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 मध्ये दिवाबत्ती, साफसफाई ही आवश्यक कर्तव्यं आहेत आणि सभागृह, बाग, वाचनालय ऐच्छिक. उलट 74 व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीतल्या नगरपालिकांच्या 18 विषयांत सांस्कृतिक कामाला उत्तेजन देणं हाही एक विषय आहे. कायद्याच्या पुस्तकावर हे भांडण सुटायचं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. दोन्ही तट बांधकामाच्या पैशावर भांडून राहिले. तो पैसा बहुधा नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजना अशा राज्य सरकारच्या मार्गानं मुंबईहून येतो, आणि ज्या कामाच्या नावानं येतो त्याच कामाला लागतो. हॉल रद्द केला म्हणून ती रक्कम आपोआप तुमच्या नळाकडे वळत नाही. पण फीत कापल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जो खर्च सुरू होतो, त्याचा एक रुपयाही त्या योजनेत नसतो. तो कुठून येणार? 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. तिच्या बदल्यातलं सहायक अनुदान पगारातच संपतं. 2021 ते 2026 च्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. म्हणजे हॉलचा चौकीदार, वायरमन, झाडूवाली यांचा पगार तुमच्या घरपट्टीतून. दिवसाआडच्या पाण्याशी हॉलचं खरं भांडण इथं सुरू होतं, आणि इथं कोणी भांडत नाही.

एका नगरपरिषदेत मी हे जवळून पाहिलं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात. हॉल देखणा होता. पहिल्या वर्षी सगळं नवं, हमी चालू. दुसऱ्या वर्षी वीजबिलावरचा स्थिर आकार दिसायला लागला. हॉलला महिनाभर कुलूप असलं तरी तो भरावाच लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीत, लग्नाचा हंगाम भरात आणि एसी बंद. दुरुस्तीवाला नागपूरहून येणार, तोही त्याच्या सवडीनं. पावसाळ्यात खुर्च्यांचा स्पंज उंदरांनी कुरतडला. आणि भाडं? आज सरकारी बैठक, उद्या पक्षाचा मेळावा, परवा कोणाच्या तरी वाढदिवसाचं आरोग्य शिबिर, सगळ्यांना भाडं माफ. फुकट कार्यक्रमांची नोंदवही भाड्याच्या नोंदवहीपेक्षा जाड झाली होती. मी टिपण लिहिलं. ते फाईलला लागलं, एवढंच.

हे आपलंच दुखणं आहे असं समजू नका. कॅनडात माँट्रियल नावाचं शहर आहे. 1976 च्या ऑलिम्पिकसाठी तिथं मोठं स्टेडियम बांधायला घेतलं. महापौर द्रापो छातीठोकपणे सांगत, पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिम्पिकला तोटा होईल. (मागं बसलेल्या बायांना हे लवकर कळलेलं दिसतं!) खेळ झाले तेव्हा छतसुद्धा पुरं नव्हतं, ते 1987 मध्ये बसलं आणि मग वारंवार फाटत राहिलं. कर्ज फेडायला तंबाखूवर खास कर लावला. तिथं खेळणारा बेसबॉलचा संघ 2004 चा हंगाम संपवून शहर सोडून गेला, आणि कर्ज फिटलं 2006 ला. भाडेकरू निघून गेला, घराचा हप्ता चालूच. बिड्या ओढणाऱ्यांनी स्टेडियम फेडलं म्हणा ना.

आता आपल्या नाटकाकडे या. हॉल मागताना सगळे झाडीपट्टीचं नाव घेतात. पण हे नाटक त्या हॉलमध्ये मावते का? दिवाळीनंतर धान निघालं की हंगाम सुरू, होळीपर्यंत. मंडळ गडचिरोलीतल्या वडशाला जाऊन नाटक कंपनीशी ठरवतं, शामियाना ठोकतं, तिकिटं विकतं, पाहुण्यांना आवतन धाडतं. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो, पहाटे पडतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. पटाची गर्दीच रात्री तिकीट काढते. 2014 ला शर्यतींवर बंदी आली तेव्हा ही जोडी तुटली होती, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा जुळली. सहाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये त्या तिकिटांत कंपनीचे पैसे निघायचे नाहीत. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ही रंगभूमी शामियान्यातच वाढली आहे.

म्हणून मी विरोधात आहे का? मागच्या बैठकीत एक बाई उठून म्हणाली, "रातभर नाटक पाहाले बसतो, पण बाईमाणसानं जावं कोठी?" सगळे गप्प. त्याच रात्री नट्या कोणाच्या तरी गोठ्याला साडी बांधून आत कपडे बदलत असतात. तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे, मीही. सभागृहाच्या बाजूनं मला इतकं खणखणीत दुसरं काही ऐकायला मिळालं नाही.

माझं म्हणणं, आधी मैदान घ्या. छताखाली पक्का ओटा, मागं दरवाजाच्या दोन खोल्या, बायांसाठी पुरेसे संडास, एक बोअर आणि कायमची थ्री फेज वीज. पट, नाटक, मंडईची जत्रा, शाळेचं गॅदरिंग, सगळं त्यावर होईल. त्याचं बिल फुगणार नाही, उंदरांना कुरतडायला स्पंजही नाही. हॉल मागाहून बांधा, पण ठरावाच्या आधी सभेपुढं एक कागद ठेवा: दुसऱ्या वर्षीचं वीजबिल किती, माणसं किती, भाडं किती, आणि कोणाला फुकट द्यायचा असेल तर त्याचे पैसे कोण भरणार.

तो कागद मागायला मी परवा कार्यालयात गेलो होतो. वास्तुविशारदाचं अंदाजपत्रक आहे म्हणाले, रंगीत चित्रांसकट. दुसऱ्या वर्षाचं विचारल्यावर बाबूनं चष्मा पुसला आणि म्हणाला, सोमवारी या. सोमवारी साडेदहाला जातो आहे. कोणी येतं का सोबत?