पहाट कुणाच्या वाट्याची?

श्रोतेहो, नमस्कार.

परभणी असो, बीड असो की लातूर, पहाटे पाचच्या सुमाराला गावाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक, पोलीस भरतीची पोरं. झिजलेल्या बुटात, कुणी अनवाणी, मोबाईलवर वेळ लावून सोळाशे मीटर मारणारी. दुसरी, साठी ओलांडलेली मंडळी. कानटोपी, हातात काठी आणि तोंडी शुगरच्या रिपोर्टच्या गप्पा. या दोघांच्या मधल्या वयाचं माणूस त्या रस्त्यावर फारसं दिसत नाही. ज्यांचं एक लेकरू दोन-तीन वर्षांचं आहे आणि एक शाळेत जातं, ते तीस-चाळिशीतले आईबाप त्या वेळी कुठं असतात? घरातच असतात. एकाचा डोळा आत्ता कुठं लागलेला असतो आणि दुसरी कणीक मळत असते. आजचं बोलणं या मधल्या मंडळींसाठी आहे. मी शाळेत खेळ शिकवतो आणि घरी दोन लेकरांचा बाप आहे, त्यामुळं दोन्ही बाजू बऱ्यापैकी ठाऊक आहेत.

या वयातल्या माणसाला सल्ला देणारे खूप. पाचला उठा म्हणतात, साडेचारला उठा म्हणतात. उठायची वेळ सगळे सांगतात, झोपायची कुणी सांगत नाही. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. म्हणजे पाचला उठायचं तर दहाला डोळा लागलेला हवा. आता आपल्या घरातली रात्र बघा. जेवणं साडेनऊला. त्यानंतर भांडी, ओटा, उद्याच्या भाजीची निवडणी. लेकरू साडेदहापर्यंत पलंगावरून उड्या मारतंय. ते झोपलं की आईबाप म्हणतात, आता कुठं आपला वेळ सुरू झाला, आणि मोबाईल हातात येतो. बघता बघता बारा वाजतात. या माणसानं पाचला उठून बैठका मारल्या तर तो व्यायाम झोपेच्या उधारीवर होणार. कमी झोपेत भूक जास्त लागते, चिडचिड वाढते, पाय मुरगळायला वेळ लागत नाही. आठवडाभरात गाडी बंद पडते आणि मग ‘माझ्यात जिद्दच नाही’ असं स्वतःला बोल लावत बसायचं. इथं जिद्दीचा प्रश्न कमी आहे, जेवणाच्या वेळेचा जास्त आहे. लेकरांची ताटं सात-साडेसातला वाढली गेली तर पुढचं सगळं दोनेक तास अलीकडं सरकतं. पहाटेच्या व्यायामाची पहिली तयारी स्वयंपाकघरात होते, ती अशी.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण बोलणारच. बऱ्याच घरांत व्यायाम करतो तो बाप, आणि त्याला व्यायामाला वेळ मिळतो तो आईच्या पहाटेतून. तो बूट घालून बाहेर पडतो तेव्हा दुधाचं पातेलं, शाळेचा डबा, लेकराची आंघोळ, सगळं तिच्या अंगावर असतं. तासाभरानं घाम पुसत परत आला की चहा मागतो. एका घरात मी ऐकलेलं वाक्य सांगतो. “अहो, तुम्ही खुशाल फिरून या. पण आज नळाचा दिवस आहे, पाणी कोण भरणार तेवढं सांगून जा.” त्या गृहस्थाला उत्तर सुचलं नाही. मला वाटतं, या वयात व्यायामाचं वेळापत्रक भिंतीवर लावण्याआधी नवराबायकोनं समोरासमोर बसून पाळ्या ठरवाव्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकानं बाहेर पडायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्यानं. ज्याची पाळी नाही त्यानं घर सांभाळायचं. पूर्ण सांभाळायचं बरं का. “डबा कशात भरू?” असं दर दोन मिनिटांनी विचारणं यात बसत नाही. पोळ्या येत नसतील तर आपल्या दिवशी धपाट्याचं पीठ रात्रीच मळून ठेवा, नाहीतर पोहे करा. घरात आत्याबाई किंवा मामंजी असतील तर त्यांनाही यात धरा, पण त्यांना गृहीत धरू नका. नातवाला सांभाळणं हेही दमवणारं काम आहे आणि त्यांचे गुडघे आपल्यापेक्षा आधी बोलू लागलेले असतात.

नळाचा विषय निघालाच आहे. मराठवाड्यात कित्येक शहरांत रोज पाणी येत नाही. कुठं चार दिवसांनी, कुठं आठ दिवसांनी, आणि येतं ते बहुतेक वेळा अडनिड्या वेळी. त्या दिवशी व्यायाम बुडाला म्हणून हळहळू नका. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो वजन. दोन्ही हातांत दोन घेऊन जिना चार-पाच वेळा चढला तर जिममध्ये पैसे भरून करतात तेच तुम्ही केलं. फक्त उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका आणि बादली अंगाजवळ ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली आपल्या शिफारशी नव्यानं मांडल्या. त्यात प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगितला आहे, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम. दमछाक करणारा असेल तर 75 ते 150 मिनिटं पुरतो. शिवाय आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर पडेल असं काही. आणि आईबापांच्या दृष्टीनं सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे, पूर्वी सलग दहा मिनिटं तरी व्हायलाच हवीत अशी अट होती, ती त्यांनी काढून टाकली. आठ मिनिटं झाली आणि आतून रडणं ऐकू आलं, तर ती आठ मिनिटं वाया गेलेली नाहीत. जमा झाली. उरलेली संध्याकाळी, अंगणात.

आता वीस मिनिटं मिळाली तर करायचं काय? मी नेहमी सूर्यनमस्कार सांगतो, कारण त्याला सतरंजीएवढी जागा लागते आणि पैसा लागत नाही. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात त्यांचा घरोघरी प्रसार केला. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेत रथसप्तमीला घातलेले आहेत, त्यामुळं नव्यानं शिकायचंही नाही. फक्त एक काळजी घ्या. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्या उठल्या एकदम खाली वाकून पायाचे अंगठे धरायला गेलं की कंबर धरते. म्हणून आधी पाच-सात मिनिटं घरातल्या घरात चाला, खांदे फिरवा, हळूहळू बैठका काढा. मग नमस्कार, आणि पहिल्या चार-पाचांत गुडघे थोडे वाकलेलेच राहू द्या. शेवटी भिंतीला हात लावून का होईना, थोडे जोर. लेकरू उठून आलंच तर त्याला हाकलू नका, पाठीवर घ्या. दोन वर्षांचं लेकरू दहा-बारा किलोचं असतं. त्याला घेऊन दहा बैठका मारा, ते खिदळेल आणि तुमच्या मांड्या भरून येतील.

जाग आल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास डोकं जड असतं. झोपेतून मेंदू पुरता बाहेर यायला तेवढा वेळ घेतोच. त्या अर्ध्या तासात ‘आज राहू दे’ हे फार पटतं. म्हणून त्या वेळी कुठलाही निर्णय शिल्लक ठेवू नका. कपडे रात्रीच काढून ठेवा, बूट दाराशी, मोबाईलचा गजर पलंगापासून लांब. तोंडावर पाणी मारायचं आणि पाय हलवायला लागायचं, एवढंच.

घड्याळाचं म्हणाल तर बाराही महिने एकच वेळ धरून बसणं आपल्याकडं जमत नाही. छत्रपती संभाजीनगरला मेच्या अखेरीस पावणेसहाच्या आसपास सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजून जातात. उन्हाळ्यात साडेसातलाच ऊन टोचायला लागतं आणि दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जे करायचं ते सहाच्या आत-बाहेर उरकून घ्या, निघण्याआधी तांब्याभर पाणी प्या. परभणीच्या थंडीत उलटं. तिथं कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. अशा पहाटे पाचला लेकराच्या ऊबदार वाकळीतून उठून बाहेर पळायचा अट्टहास कशाला? घरातच करा, नाहीतर उजाडल्यावर निघा. सकाळचा उजेड अंगावर पडला की शरीराचं घड्याळही जागेवर येतं आणि रात्री वेळेवर झोप येते. आणि खरं सांगायचं तर पहाटेच केलेला व्यायामच अंगी लागतो असं काही नाही. संध्याकाळी केला तरी तेवढाच लागतो. पहाटेचा फायदा एकच. त्या वेळी अजून कुणी तुमच्याकडं काही मागितलेलं नसतं.

बाहेर चालणाऱ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच याचा भरवसा नसतो, तुमचे कपडे तरी पांढरे असू द्या. कानात गाणी नकोत. कुत्र्यांसाठी हातात काठी. बायांना अंधारात एकटीनं जावंसं वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. गल्लीतल्या दोघी-तिघींनी मिळून निघा किंवा शाळेचं मैदान उघडून मागा. मैदानं पहाटे कुलपात का असतात, हे मला अजून कळलेलं नाही.

बाळंतपण होऊन थोडेच दिवस झाले असतील, त्यातही सिझेरियन असेल, तर डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय पोटाचे व्यायाम करू नका. तोवर घरात सावकाश चालणं पुरे. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी उपाशीपोटी दमेपर्यंत व्यायाम करू नये, साखर एकदम घसरते. खिशात खायच्या गोड गोळ्या नाहीतर बिस्किटं ठेवा. चालताना छातीत दडपल्यासारखं झालं तर ‘गॅस असेल’ म्हणत पुढं चालू नका, थांबा आणि दवाखाना गाठा.

काहीजण म्हणतील, गुरुजी, आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम? कबूल. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगंमागं कारखान्यांकडं जाणारी ऊसतोड जोडपी अंधारातच कोयता घेऊन फडात उतरतात, त्यांची लेकरं बांधावर झोपलेली असतात. त्यांना मी सूर्यनमस्कार सांगायला लागलो तर मला लाज वाटेल. त्यांना हवी आहे विश्रांती आणि वेळेवर जेवण. याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, ज्यानं 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं, तोही लहानपणी शाळेसाठी रोज मैलोगणती चालत-पळत जायचा. ते त्याच्यासाठी व्यायाम नव्हता, रस्ता होता. मी बोलतोय ते दुकानाच्या गल्ल्यावर, कार्यालयाच्या खुर्चीवर, शिवणयंत्रावर दिवस काढणाऱ्या आईबापांशी.

राहिली गोष्ट वाईट रात्रीची. लेकराला ताप आहे, दात येतायत, दर तासाला उठावं लागलंय. अशा रात्रीनंतर पाचचा गजर बंद करा आणि झोपा. बिनदिक्कत झोपा. त्या दिवशी तुमची पाळी असेल तर ती दुसऱ्याला देऊन टाका, पुढच्या आठवड्यात परत घ्या. आणि रात्री उठायच्याही पाळ्या करा, कारण रात्रभर एकच जण उठत असेल तर पहाटेच्या पाळ्या कागदावरच राहतील. बाळ अंगावर पीत असेल तर रात्री बाप फार काही करू शकत नाही हे खरं, पण दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, दुपटं बदलणं आणि पुन्हा झोपवणं त्याला नक्की जमतं. आज रात्री जेवणं झाली की एवढं ठरवून घ्या, कुणी कुठल्या दिवशी उठायचं ते.

नमस्कार.