सांध्यावरून फिरवलेलं नख

कारागीर ओटा बसवून गेले, त्या दिवशी मला काहीच खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि सिंकशेजारचा सांधा दिसला. एक फरशी वर, दुसरी खाली. फोन करून मी म्हणाले, "काम नीट झालेलं नाही." पलीकडून उत्तर आलं, "बाई, दगड आहे, असंच असतं." आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून चुटपुट लागते.

"दगड आहे" हे कधीकधी खरंही असतं. ग्रॅनाइटमध्ये रंगाचे पट्टे, ठिपके, केसासारख्या रेषा जन्मजात असतात. त्यांवरून नख सहसा सरळ निघून जातं, भेगेत मात्र अडकतं. संगमरवरावर आंबट काही सांडून पॉलिश उडालं, तर तो कॅल्साइटचा, म्हणजे संगमरवर ज्या खनिजाचा बनतो त्याचा, गुण आहे, त्यात कारागिराचा दोष नाही.

पण सांध्यातला उंचवटा हा हाताचा दोष. खालचा आधार समपातळीत नसताना वर फरशी ठेवली की हे होतं. सिंकचा कट तर नक्की बघा. त्याचे आतले कोपरे काटकोनात कापले असतील तर ताण तिथेच एकवटतो आणि भेग तिथूनच निघते. कोपऱ्याला गोलाई हवीच. सिंकपुढची पट्टी अरुंद असते, तिला खालून आधार नसेल तर आजच सांगा. इथे भीड ठेवू नका.

तक्रार करताना "फिनिशिंग खराब" म्हणू नका, त्यावर वाद होतो. पाणसळ ठेवा, टॉर्च ओट्याला आडवा धरून फोटो काढा, पट्टीने मोजा आणि लिहून द्या: उजवीकडच्या सांध्यात 1 मिमी उंचवटा. मग बोलणं आकड्यावर येतं.

सांधा उघडून, फरशी समपातळीत आणून, रंग जुळवलेलं इपॉक्सी पुन्हा भरता येतं. कडेचा टवकाही बुजवता येतो. कट चुकला असेल तर मात्र फरशी बदलणं हाच उपाय. जागेवर घासून देतो म्हणाले तर कोरडं घासू देऊ नका. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात कायमची बसते. कृत्रिम क्वार्ट्‌झच्या फरशीत तर तिचं प्रमाण फारच जास्त. हा धोका तुमच्याहून त्या घासणाऱ्या माणसाला मोठा आहे, म्हणून पाणी सोडूनच काम करायला सांगा.

आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतर, हे काम सुरू होण्याआधीच ठरवा. मी ठरवलं नव्हतं.

तरी दोन महिन्यांनी मी मोजमाप आणि फोटो पाठवले. ते गृहस्थ आले. काही न बोलता वाकले आणि सांध्यावरून त्यांनी स्वतःचंच नख फिरवलं. ते अडकलं. "उघडतो," म्हणाले.