कुलकुलं वळायला या

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळ आठवड्यावर आला की गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नारळ खवायला बसतात. करंजीसारख्या नेवऱ्या, माडाच्या गुळाचा दोदोल, रवा-नारळाचा केक म्हणजे बात, शंखासारखी तळलेली गोड कुलकुलं असा सगळा नाताळचा फराळ म्हणजे कुसवार. त्यातलं थोडं थोडं ताटात मांडून शेजाऱ्यांकडे, नातलगांकडे पाठवतात, त्याला कोन्सुआद म्हणायचं. शब्द पोर्तुगीजांचा, पण रीत इथल्या मातीत मुरलेली. चतुर्थीला आणि दिवाळीला हिंदू शेजाऱ्यांकडून फराळ आलेला असतो आणि नाताळला त्याच पायवाटेने ताट उलट जातं.

हल्ली पुष्कळ घरांत कुसवार विकत येतो. नोकरी सांभाळून हे सगळं जमत नाही, त्यात गैर काही नाही. तरी आमचं सांगणं आहे की एक पदार्थ घरी करा, आणि तो असा निवडा की एकट्याच्या हातून उरकणार नाही. सणात एकटं पडलेल्या माणसाला जेवायला बोलावलं तर ते पाहुणं म्हणून अवघडून बसतं. कामाला बोलावलं की ते मोकळं होतं.

यासाठी कुलकुलांसारखा पदार्थ नाही. 500 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ एकत्र करा. तीन मोठे चमचे तूप कडकडीत तापवून त्यावर घाला आणि हाताने चोळून घ्या. मग नारळाचं घट्ट दूध थोडं थोडं घालत पीठ मळा. साधारण 200 ते 220 मिलिलिटर लागेल, पण सगळं एकदम ओतू नका. पीठ पुरीच्या पिठासारखं घट्ट हवं. सैल झालं तर वळताना उठलेल्या रेघा तेलात पुसल्या जातात. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा.

पुष्कळ जण यात एक अंडं घालतात. ताट शेजारी जाणार असेल तर घालू नका. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष चालू असतो, कितीतरी घरांत महिनाभर अंडं वर्ज्य असतं. तळायला तेलही ताजं घ्या आणि ताट देताना “अंडं नाही, तेल वेगळं” हे तोंडाने सांगा. समोरचा माणूस संकोचाने विचारत नाही आणि ताट तसंच मोलकरणीकडे जातं. केकमध्ये रम असेल तर तेही सांगायचं.

आता वळणं. लहान बोराएवढी गोळी घ्या. काट्याच्या पाठीला, नाहीतर गरम पाण्याने धुतलेल्या कोऱ्या कंगव्याला तुपाचं बोट लावा, त्यावर गोळी अंगठ्याने पातळ दाबा आणि एका कडेपासून गुंडाळत आणा. शंखासारखा आकार येतो. शेवटची कड नीट दाबा, नाहीतर तेलात ती उलगडते. एक गोळी 4 ग्रॅमची धरली तर एवढ्या पिठाची सव्वादोनशेच्या आसपास कुलकुलं होतात. एकटं माणूस मिनिटाला दोन-तीन वळेल, म्हणजे दीड तास मान खाली. चौघं बसली तर पंचवीस मिनिटांत परात रिकामी. गुडघे दुखणाऱ्या आजींनाही हे खुर्चीत बसून जमतं, सहा वर्षांच्या पोरालाही जमतं. पोराची वेडीवाकडी झाली तर ती मोडून पुन्हा वळू नका.

तळताना आच मध्यमहून थोडी कमी ठेवा. पिठाचा तुकडा टाकला की तो सावकाश वर आला पाहिजे. तेल फार तापलं तर साखरेमुळे बाहेरून लगेच लाल होतात आणि आत कच्ची राहतात, मग दोन दिवसांत मऊ पडतात. एक घाणा सहा-सात मिनिटं घेतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. पाकात घोळवायची असतील तर मधुमेह असलेल्यांसाठी थोडी बाजूला काढा.

घरात दणकट हात असतील तर दोदोलही करा. 500 ग्रॅम माडाचा काळा गूळ, 150 ग्रॅम तांदळाचं पीठ, दोन मोठ्या नारळांचं दूध. गूळ विरघळवून गाळा, त्यात हमखास कचकच असते. पुढे दीड-दोन तास ढवळतच राहायचं. हात थांबला की तळाला लागतं आणि तो करपट वास सगळ्या भांड्यात उतरतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी हात बदला. कडा सुटून तेल दिसू लागेपर्यंत उतरवू नका. घाईने उतरवलेला चिकट राहतो आणि टिकत नाही.

बोलावणं कसं करायचं, तेही महत्त्वाचं. “कधीतरी या” म्हटलं तर कोणी येत नाही. “रविवारी चार वाजता कुलकुलं वळायला या, येताना तुमचा काटा आणा” असा फोन करा. ज्यांची मुलं आखातात, कॅनडात आहेत त्यांना आधी. ज्या घरातलं माणूस यंदा गेलं, तिथे गोडधोड होत नाही आणि लोक जायलाही कचरतात. तिथे मुद्दाम जा. ताट लहान न्या, शुभेच्छांचा गजर नको. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला आणि निदान पंधरा मिनिटं बसा.

आणि ताट स्टीलचंच पाठवा. प्लास्टिकचा डबा कोणी परत आणत नाही. ताट परत करायला शेजारीण येते, आणि ते रिकामं द्यायचं नाही म्हणून त्यात मूठभर साखर किंवा चार तिळाच्या वड्या घेऊन येते. त्या वेळी चहाचं आधण ठेवलेलं असू द्या.