टायफॉइड, सिप्रो आणि कल्चरची बाटली

नमस्कार मंडळी. लॅबमध्ये काम करते, त्यामुळे आज सोलापुरातल्या आमच्या रोजच्या कामातलीच गोष्ट सांगते.

[फोटो स्क्रीनवर]

हा फोटो नीट बघा. पिवळसर, जेलीसारख्या थरावर टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, पसरून लावलाय. वरच्या पांढऱ्या टिकल्यांत एकेक अँटिबायोटिक आहे. औषध चालत असेल, तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. ही टिकली पेफ्लॉक्सासिनची, सिप्रोच्या (सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या) भावकीतली. रिंगण आहे का? जवळजवळ नाहीच. म्हणजे या पेशंटला सिप्रो लागू पडणार नाही. भारतात टायफॉइडचे बहुतेक जंतू आता असेच निघतात. सिप्रो जंतूच्या ज्या एन्झाइमला धरतं, त्याच्या जनुकात एक अक्षर बदललं तरी पकड ढिली होते.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. १९४८ मध्ये टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध आलं, १९७२ मध्ये केरळात कालिकतला ते निकामी ठरलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एकदम तीन औषधं गेली, म्हणून सिप्रो आलं. आता भिस्त आहे सेफ्ट्रिअॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिनवर. आणि २०१६ पासून हैदराबादला, आपलं शेजारचं नव्हे, पाकिस्तानात सिंधमधलं, सेफ्ट्रिअॅक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला. मला खरी भीती त्याची वाटते.

आता घरातलं सांगते. गेल्या पावसाळ्यात चुलत भावाला ताप आला. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, पिंपं भरून ठेवायची, त्यामुळे टायफॉइडची शंका आलीच. त्याने दुकानातून अझिथ्रोमायसिन आणलं, दोन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, सोडून दिलं. ताप परत चढला. अॅडमिट केल्यावर कल्चरला, म्हणजे बाटलीत जंतू वाढवून बघायला, रक्त पाठवलं, तर काहीच उगवलं नाही. टायफॉइडच्या पेशंटच्या रक्तात जंतू मुळातच फार थोडे, कित्येकदा मिलिलिटरमागे एखादाच. म्हणून तर मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त घेतो, आणि नातेवाईक विचारतात, "एवढं रक्त कशाला?" त्यात आधी गोळ्या पोटात गेल्या असतील, तर उरलेसुरले जंतूही हाती लागत नाहीत. मग टिकल्या लावायला जंतूच नसतो, आणि डॉक्टरांना अंदाजानेच औषध द्यावं लागतं.

विडाल (टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची तपासणी) पॉझिटिव्ह होती ना, असं काकू म्हणाली. जुन्या तापानेही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि कोणतं औषध चालेल हे ती सांगतच नाही.

सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी काकू डॉक्टरांच्या मागे, "ताप उतरेना, औषध बदला की!" टायफॉइडचा जंतू आपल्या पेशींच्या आत लपून बसतो, बरोबर औषधालाही चार-सहा दिवस लागतात. भावाचा ताप सहाव्या दिवशी उतरला.

तुमचं माणूस अॅडमिट झालं, तर पहिलं इंजेक्शन देण्याआधी सिस्टरला एवढंच विचारा: "कल्चरला रक्त घेतलं का?"