फिरतीचा खर्च आणि न मिळणारी पावती

[दृश्य: जालना बसस्थानक, सकाळ. पाठीवर सॅक आणि हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा घेतलेले काही प्रवासी.]

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, वाळूज आणि शेंद्रा येथे वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत, लातूरमध्ये डाळमिल आहेत. आणि या सगळ्यांसाठी रोज रस्त्यावर असणारी माणसे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. विक्री प्रतिनिधी, सर्व्हिस इंजिनिअर, औषध कंपन्यांचे एमआर, कर्जवसुली अधिकारी यांची कामे निराळी असली, तरी महिनाअखेरीस एक कागद सर्वांनाच भरावा लागतो, आणि तो म्हणजे प्रवासखर्चाचे देयक. लेखा विभाग विनाकारण अडवतो, असे कर्मचारी म्हणतो. कर्मचारी आकडे फुगवतो, असे लेखा विभाग म्हणतो. दोघांचेही म्हणणे कधी ना कधी खरे ठरते. परंतु वादाचे मूळ बहुतेक वेळा नियमातच असते, कारण हा नियम मुंबई किंवा पुण्याच्या मुख्य कार्यालयात, प्रत्येक खर्चाची छापील पावती मिळतेच असे गृहीत धरून लिहिलेला असतो.

समजा, नांदेड मुख्यालय असलेला बियाणे कंपनीचा एक प्रतिनिधी किनवटला निघाला. एसटीच्या वाहकाने यंत्रातून काढून दिलेले तिकीट हा निर्विवाद पुरावा आहे, फक्त ते देयक भरेपर्यंत वाचता आले पाहिजे; हा उष्णतेला संवेदनशील कागद एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत राहिला तर काळवंडतो आणि खिशातल्या घामाने त्यावरची अक्षरे पुसट होतात. किनवटहून पुढच्या गावांना काळी-पिवळीने जावे लागते आणि तिचा चालक तिकीट देत नाही. कृषी सेवा केंद्राच्या मालकाबरोबर घेतलेल्या चहाचे बिल कोणी मागतही नाही. दुपारच्या खानावळीत यूपीआयने पैसे दिले जातात आणि मोबाइलवर त्याची नोंद राहते, पण त्या नोंदीवरून पैसे कोणाला दिले एवढेच कळते. कशासाठी दिले, किती जण जेवले, हे कळत नाही. म्हणूनच अनेक लेखा विभाग केवळ स्क्रीनशॉट हे बिल म्हणून स्वीकारत नाहीत, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचे बरोबर आहे.

[दृश्य: स्टेशनरीच्या दुकानातील बिलबुकांची चळत.]

अशा वेळी पावतीचाच आग्रह धरला, तर पावती तयार होते. कोऱ्या बिलबुकातील एखादे पान शिक्क्यासह मिळवणे अवघड नाही, आणि ज्याचा खर्च प्रामाणिक आहे तोही केवळ देयक मंजूर व्हावे म्हणून हा मार्ग पत्करतो. एकदा ही वाट पायाखालची झाली, की खरा खर्च कुठे संपला आणि वाढवलेला कुठे सुरू झाला, हे त्यालाही सांगता येत नाही. प्रत्येक चहाचा पुरावा मागणारी कंपनी स्वतःच्याच हाताने खोट्या कागदांची सवय लावते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषध क्षेत्राने यावर फार पूर्वीच एक व्यवहार्य तोडगा काढला. तेथे प्रत्येक गावाची वर्गवारी आधीच ठरलेली असते: मुख्यालय, त्याच दिवशी परत येण्याजोगे एक्स-स्टेशन आणि मुक्काम करावा लागणारे आउटस्टेशन. प्रत्येक वर्गाचा दैनिक भत्ता ठरलेला असतो, आणि दोन गावांमधील अंतर व भाडे यांचा तक्ता कंपनीने मंजूर केलेला असतो. एमआरने महिन्याआधी दिलेला टूर प्रोग्रॅम आणि रोज संध्याकाळी भरलेला डॉक्टरांच्या भेटींचा अहवाल यांची सांगड घातली, की भत्ता किती द्यायचा हे जवळपास आपोआप ठरते आणि काळी-पिवळीच्या तिकिटाचा प्रश्नच उरत नाही. मात्र हा तक्ता वेळोवेळी सुधारावा लागतो. भाडेवाढ होऊनही जुनेच दर चालू ठेवले, तर फरक कर्मचाऱ्याच्या खिशातून जातो.

दुचाकीवर फिरणाऱ्यांसाठी प्रतिकिलोमीटर दर असतो. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ मीटरचे छायाचित्र मागण्याची पद्धत रूढ झाली आहे. खरिपाच्या तोंडावर, जेव्हा एकेका दिवसात अनेक गावे करावी लागतात, तेव्हा हे छायाचित्र राहून जाते. त्या दिवसाचा हिशेब अंतराच्या तक्त्यावरून मान्य करण्याची तरतूद नियमातच असावी. चारचाकीचे काम तुलनेने सोपे आहे. समृद्धी महामार्गावर जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून प्रवास केला, तर टोल कापलेल्या अंतरानुसार लागतो आणि तारीख-वेळेसह सारा तपशील फास्टॅगच्या विवरणात मिळतो.

[दृश्य: नांदेडमधील लॉजचा स्वागतकक्ष. नोंदवही, शेजारी संगणक.]

लहान खर्चात सैलपणा असावा, तर काटेकोरपणा कुठे असावा, याचे उत्तर वस्तू व सेवा कराच्या कायद्यातच सापडते. जेवणखाण आणि चालकासह तेरापर्यंत आसनांची भाड्याची गाडी यांवर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट, म्हणजे तो कर स्वतःच्या जीएसटीतून वजा करून घेण्याची सवलत, सर्वसाधारणपणे कंपनीला मिळतच नाही. त्यामुळे खानावळीच्या बिलावरील जीएसटीमागे धावण्यात अर्थ नाही. राहण्याच्या खर्चाचे तसे नाही. संभाजीनगरच्या कंपनीचा इंजिनिअर नांदेडला कामासाठी मुक्कामी राहिला आणि बिलावर कंपनीचे नाव व जीएसटी क्रमांक असला, तर त्या कराचे क्रेडिट मिळू शकते, पण हॉटेलने आपल्या विवरणात ते बिल दाखवलेले असले पाहिजे, कारण त्याशिवाय ते कंपनीच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या विवरणात, उतरत नाही. बिल कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नावाने निघाले, तर हक्क गेला. खोली घेतानाच क्रमांक सांगणे हा यावरचा एकमेव सोपा उपाय आहे, कारण सकाळी सहाच्या बससाठी धावणाऱ्या माणसाकडून बिल दुरुस्त करून घेण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

येथे सीमेचा प्रश्न येतो, आणि मराठवाड्यासाठी तो पुस्तकी नाही. नांदेडचा माणूस कामासाठी हैदराबादला जातो आणि उदगीरचा बीदरला, तितक्याच सहजतेने. निवासाच्या सेवेत कराचे ठिकाण हॉटेल जिथे आहे ते राज्य असते. म्हणून हैदराबादच्या बिलावर केंद्राचा आणि तेलंगणाचा कर लागतो, आणि केवळ महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचे क्रेडिट घेता येत नाही. बिलावर क्रमांक बिनचूक असला, तरीही नाही. असा कर सरळ खर्चातच धरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने ही झळ बरीच कमी झाली आहे. दोन हजारांच्या खोलीमागे ती शंभर रुपयांची आहे.

रोखीबद्दल एक मर्यादा मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर प्राप्तिकराच्या हिशेबात तो खर्च साधारणतः अमान्य होतो. २०१७ पूर्वी ही मर्यादा २०,००० रुपये होती. चार जणांच्या पथकाचे लॉजचे एकत्रित बिल रोखीने चुकते करताना ती सहज ओलांडली जाते.

[दृश्य: छत्रपती संभाजीनगर, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाबाहेरील रस्ता.]

सरकारी कर्मचाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९८१ पासून येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ असल्याने लातूर, परभणी, धाराशिवच्या कार्यालयांतून प्रकरणांच्या फायली घेऊन येणाऱ्यांची ये-जा नित्याची आहे. दौऱ्याची मंजुरी, प्रवासाचा वर्ग, दैनिक भत्त्याचा दर हे सर्व वेतनस्तराप्रमाणे ठरलेले असते, त्यामुळे रकमेवरून वाद क्वचितच होतो. अनुदान उपलब्ध होईपर्यंत देयक पडून राहते, ही तेथील खरी अडचण आहे.

विलंबाचे हे दुखणे खासगी क्षेत्रातही आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. उचल न देता महिनाभर फिरवणारी आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीस परतफेड करणारी कंपनी प्रत्यक्षात आपल्या कर्मचाऱ्याकडून बिनव्याजी कर्ज घेत असते, आणि हे कर्ज देणारा बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. फिरतीआधी उचल द्यावी, परतल्यावर आठवडाभरात हिशेब मागावा आणि हिशेब न आल्यास पुढची उचल थांबवावी, ही शिस्त दोन्ही बाजूंना बांधते. मोबाइलवरील अॅपमुळे त्याच दिवशी नोंद करणे शक्य झाले आहे. मात्र माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात नेटवर्क नसताना नोंद साठवून नंतर पाठवणारे अॅप असेल तरच त्याचा उपयोग.

मार्चमध्ये हा प्रश्न तीव्र होतो. ३१ मार्चपर्यंत झालेला पण देयक न आलेला खर्च त्याच आर्थिक वर्षात दाखवायचा, तर लेखा विभागाला अंदाजे तरतूद करावी लागते. त्यासाठी प्रत्येक प्रतिनिधीला पूर्ण देयक तयार नसले, तरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किमान एकूण रकमेचा आकडा आणि मुक्कामांची यादी कळवायला सांगावी. मूळ बिले मागाहून आली तरी चालतात.