ऑफिसातली माणसं: एका तालुक्याच्या शिक्षकेतर संघटनेचं 2023

(पडद्यावर: हायस्कूलचं ऑफिस, गोदरेजचं कपाट, कपाटावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे)

शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी मास्तर लक्षात राहतात, पण काम पडतं ते ऑफिसात. दाखला हरवला, बोनाफाईड पाहिजे, आडनावातली वेलांटी चुकली, जन्मतारीख आधारला वेगळी आणि जनरल रजिस्टरला वेगळी आली, की माणूस त्या खिडकीपाशी येऊन उभा राहतो आणि आतला माणूस चष्मा वर करून विचारतो, कोणत्या सालची बॅच?

त्या आतल्या माणसांची ही फिल्म आहे. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, परिचर, नाईक, शिपाई, पहारेकरी. जिल्हा जालना, साल 2023, आणि एका तालुक्याची शिक्षकेतर संघटना.

आता संघटना म्हटलं की फार मोठं काही डोळ्यापुढे आणू नका. ऑफिस नाही, बोर्ड नाही. एक शिक्का, एक लेटरपॅड, एक पावती पुस्तक आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात गुड मॉर्निंग टाकायचं नाही असा नियम आहे आणि सगळे टाकतात. सचिव एका अनुदानित हायस्कूलला वरिष्ठ लिपिक, त्यांना सगळा तालुका भाऊसाहेब म्हणतो, आपणही तेच म्हणू. अध्यक्ष प्रयोगशाळा सहायक. खजिनदार शिपाई, पोरांचे मामा, वर्गणीचे पैसे त्यांच्या घरी पितळी डब्यात असतात आणि हिशोब पैशाला पैसा लागतो.

जानेवारी. 30 तारखेला औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघाचं मतदान होतं, शहराचं नाव तोपर्यंत बदललेलं नव्हतं. या निवडणुकीत ऑफिसचं काम काय, तर मतदार नोंदणीचा 19 नंबरचा फॉर्म, त्याच्यासोबत मुख्याध्यापकांचं सर्टिफिकेट की हे सर गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवतायत, आणि हे सगळं टाईप करायचं, शिक्के मारायचे, गठ्ठा तहसीलला नेऊन द्यायचा. हे करणाऱ्याला त्या मतदारसंघात मत नाही. विधान परिषदेत शिक्षकांचे 7 आमदार आहेत, शिक्षकेतरांचा एकही नाही. क्लार्क पदवीधर असला तर पदवीधर मतदारसंघात नाव लागतं, पण तिथल्या गर्दीत त्याला कोण विचारतं. उमेदवार शाळेत येतो, ऑफिसच्या दारातून हात जोडतो आणि स्टाफरूमकडे वळतो. भाऊसाहेब म्हणतात, आमचा प्रश्न मांडायला पण आमदार उसना आणावा लागतो.

त्या वर्षी मात्र उसना आणायची गरज पडली नाही कारण सगळ्यांचा प्रश्न एकच होता, जुनी पेन्शन. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर जो लागला त्याला नवी योजना, म्हणजे पेन्शन ठरलेली नाही, पगारातून कापलेला पैसा बाजारात जाऊन जे होईल ते. अनुदानित शाळांमध्ये याच्यात आणखी एक गाठ आहे, की काही जण 2005 च्या आधी लागले, पण त्यांच्या शाळेला 100 टक्के अनुदान नंतर मिळालं, म्हणून त्यांना पण जुनी पेन्शन नाकारली. नोकरी तेव्हापासूनची, ऑर्डर तेव्हाची, आणि पेन्शन मोजताना शासन म्हणतं अनुदान कधीचं? हे प्रकरण समजून सांगायला भाऊसाहेबांना अर्धा तास लागतो. अर्ध्या तासाने समोरचा म्हणतो, म्हणजे मला मिळणार का नाही तेवढं सांगा.

(पडद्यावर: 14 मार्च, तहसीलसमोर मांडव)

14 मार्चला राज्यभर संप सुरू झाला. "एकच मिशन, जुनी पेन्शन." बारावीची परीक्षा 21 तारखेपर्यंत, दहावीची 25 पर्यंत, म्हणजे पेपर चालू असताना संप. आपल्या तालुक्यात एका रात्री जी मीटिंग झाली तिच्यात यावरून बरीच ताणाताणी झाली. बोर्डाची उत्तरपत्रिकांची पाकिटं, बारकोड स्टिकर, सप्लिमेंट, पेपर ठेवायच्या कस्टडीतून आणणं-नेणं, हे सगळं क्लार्क आणि शिपायाच्या हातात असतं. ते हात काढून घेतले तर संप एका दिवसात दिसेल असं तरुण मंडळींचं म्हणणं, आणि पोरांचा पेपर अडवायचा नाही असं मामांचं. शेवटी पेपरचं काम करायचं, बाकी ऑफिस बंद, आणि पेपर सुटला की मांडवात यायचं असं ठरलं. काहींना हे अर्धवट वाटलं. मला विचाराल तर त्यामुळेच गावातले लोक मांडवात पाणी आणून देत होते.

सरकारने सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन माजी अधिकाऱ्यांची समिती नेमली, तीन महिन्यांत अहवाल, आणि 20 मार्चला संप मागे घेतला गेला. मांडव सोडताना कोणी घोषणा देत नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस ग्रुपवर एकच चर्चा, की संपाचे दिवस बिनपगारी असाधारण रजेत धरणार का पगारी अर्जित रजेत, कारण मार्चचं पगारबिल शालार्थला, म्हणजे पगाराच्या पोर्टलला, करायचं होतं आणि ते करणारे हेच, म्हणजे स्वतःचा पगार कापायचा का नाही हे स्वतःच पोर्टलवर भरायचं.

मे महिना थोडक्यात सांगतो. मास्तरांना सुट्टी, पोरांना सुट्टी, ऑफिसला नाही, शिक्षकेतरांना दीर्घ सुट्टी नसते, त्याबदल्यात अर्जित रजा. 25 मेला बारावीचा निकाल लागला, 2 जूनला दहावीचा, आणि मग दाखल्यांची रांग.

पण उन्हाळ्यातलं खरं काम होतं आधारचं. 2022-23 ची संच मान्यता, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर हे ठरवणारा कागद, आधार व्हॅलिड झालेल्या विद्यार्थ्यांवर होणार असं ठरलं होतं. पोराचं नाव शाळेत एका स्पेलिंगने, आधारला दुसऱ्या, की पोर्टलवर मिसमॅच. पोरगं रोज वर्गात बसतंय, खिचडी खातंय, पण मोजणीत नाही. आणि पट कमी दिसला की पद कमी, मास्तरांचं पण आणि ऑफिसचं पण, कारण लिपिकांचा 28 जानेवारी 2019 चा आकृतिबंध, म्हणजे किती पोरांमागे किती पदं याचा तक्ता, तो पण पटावरच चालतो. म्हणजे क्लार्कने एक स्पेलिंग सोडलं तर त्याचीच खुर्ची धोक्यात.

संघटनेने एका रविवारी हायस्कूलच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कॅम्प लावला. ज्यांना पोर्टल येतं त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्या शाळांच्या याद्या घेऊन बसायचं, बस एवढंच. रिटायरमेंटला आलेले दोन मुख्य लिपिक, ज्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे पण माऊस हातात घेतला की घाम फुटतो, ते रजिस्टर वाचून दाखवत होते आणि अनुकंपावर लागलेली एक पोरगी, वडील याच शाळेत शिपाई होते, ती टाईप करत होती. दुपारी सर्व्हर गेला. लोक गेले नाहीत, वडापाव मागवले, चारला सर्व्हर आला, सातला लॅब बंद केली. या कॅम्पचा एकही फोटो पेपरात आला नाही आणि माझ्या मते वर्षभरातलं सगळ्यात मोठं काम तेच होतं, मोर्च्यांपेक्षा पण.

(पडद्यावर: शाळेची घंटा, मामांचे हात)

आता मामांच्या जीआरबद्दल. 11 डिसेंबर 2020, ही तारीख या लोकांना पोरांच्या वाढदिवसासारखी पाठ आहे. या जीआरने चतुर्थ श्रेणीचं असं ठरवलं, की आहे तो शिपाई रिटायर होईपर्यंत राहील, तो गेला की पद व्यपगत. पुन्हा भरायचं नाही. त्याजागी शाळेला ठोक शिपाई भत्ता, मुंबई-पुण्यात महिन्याला 10,000 रुपये, इतर महापालिकांत 7,500, ग्रामीण भागात 5,000. पाच हजाराचे तीस दिवस करा, दिवसाला 166 रुपये. एवढ्यात सकाळी गेट उघडायचं, वर्ग झाडायचे, टाकी भरायची, घंटा द्यायची, टपाल घेऊन जालन्याला जायचं, चक्कर येऊन पडलेल्या पोराला मोटरसायकलवर दवाखान्यात न्यायचं.

आणि इथे संघटनेची अडचण सुरू होते. मीटिंगला सतरंजीवर बसलेल्या एकाही माणसाच्या पगाराला या जीआरने हात लावलेला नाही. मामांना पगार आहे, वेतन आयोग आहे. ज्याचं नुकसान झालं तो माणूस अजून नोकरीला लागलेलाच नाही, तो कोण हे कोणाला माहीत नाही, तो वर्गणी देत नाही, मोर्च्याला येत नाही. स्वतःच्या पेन्शनसाठी लोक रात्री जागतात, त्या न आलेल्या माणसासाठी किती जागतील? भाऊसाहेबांनी प्रत्येक निवेदनात हा मुद्दा घातला, पण मी सगळी निवेदनं वाचलीत, तो कायम शेवटून दुसरा असतो.

सप्टेंबर. 1 तारखेला अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि जिल्हाच पेटला. मग निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती आली, मराठ्यांना कुणबी दाखले द्यायला निजामकालीन आणि जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, आणि शोधायच्या कुठे तर महसूलच्या दप्तरात आणि शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये, 1967 च्या आधीच्या. जुन्या शाळांची कपाटं उघडली. काही रजिस्टर उर्दूत, काही मोडीत, काहींची पानं पापडासारखी, हात लावला की तुकडा. दिवसभराचं काम संपलं की क्लार्क आणि शिपाई तोंडाला रुमाल बांधून बसायचे, दारात गावातली माणसं उभी, साहेब आमच्या आज्याचं नाव बघा ना. सापडलं तर पेढा, नाही सापडलं तर संशय, की यानेच लपवलं असणार.

संघटनेत मराठा आहेत, ओबीसी आहेत, दलित आहेत, मुसलमान आहेत. उर्दूतली रजिस्टरं वाचायला ज्या दोन ग्रंथपालांना तालुकाभर फिरावं लागलं ते मुसलमान. ग्रुपवर एका रात्री भाषा बिघडायला लागली तेव्हा भाऊसाहेबांनी ग्रुप ओन्ली ॲडमिन केला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वेगवेगळे फोन केले. प्रशासनाला निवेदन दिलं त्यात ज्यादा कामाचे पैसे मागितलेच नाहीत. एवढंच मागितलं, की नोंद निघाली नाही तर खापर क्लार्कवर फोडू नका, तसं लेखी द्या. लेखी मिळालं नाही. तोंडी मिळालं.

लाठीमारानंतरच्या आठवड्यात, 6 सप्टेंबरला, अजून एक जीआर, 9 कंपन्यांमार्फत शासकीय-निमशासकीय मनुष्यबळ घ्यायचं, अतिकुशल ते अकुशल सगळे. लिपिक-शिपायाची पदं कंत्राटी होणार म्हणून राज्यभर ओरड झाली, स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर आली, आणि 20 ऑक्टोबरला उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी तो जीआर रद्द करत असल्याचं जाहीर केलं. तालुक्यात चहा झाला, टाळ्या झाल्या. मामा म्हणाले, लई भारी झालं, पण पाच हजारवाला तर हाय तसाच हाय की.

(पडद्यावर: रात्रीचा समृद्धी महामार्ग, टेम्पो ट्रॅव्हलर)

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन, 7 ते 20. समृद्धी झाल्यापासून जालन्याहून नागपूर एका रात्रीचं झालंय, आधी एवढ्या लांब मोर्चा म्हटलं की निम्मे लोक कारणं सांगायचे. ट्रॅव्हलरमध्ये भेळ, एक सतरंजी, दोन बॅनर, शुगरच्या गोळ्या. यशवंत स्टेडियमपासून माणसांची रांग, शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यवाले, आपापल्या टोप्या आपापले झेंडे, आणि पोलिसांनी अडवलं की तिथेच बसायचं. बायकांना बाथरूमची सोय कुठे हा प्रश्न दरवर्षी असतो आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतं पुढच्या वेळी बघू. ती अनुकंपावाली पोरगी यावेळी पहिल्यांदा आली होती, तिने हे बघू कोणाच्या तरी नावावर लिहून घेतलं, आता तो माणूस तिला टाळतो.

14 डिसेंबरला पेन्शनचा संप पुन्हा सुरू झाला आणि मुख्यमंत्र्यांनी आश्वासन दिल्यावर लगेच स्थगित झाला. कुलूप लागलं नाही तोच उघडलं. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

वर्षातली शेवटची मीटिंग डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. विषय वार्षिक हिशोब, आयत्या वेळचे विषय. हिशोब मामांनी वाचला, बरोबर निघाला. आयत्या वेळी एका शाळेतला पोरगा उभा राहिला, शिपाई भत्त्यावर काम करतो, त्याला सभासद व्हायचंय म्हणाला. सगळे गप्प. घटनेत लिहिलंय, मान्यताप्राप्त पदावरील कर्मचारी. हा पदावर नाहीच, पद तर व्यपगत झालंय.

अध्यक्ष म्हणाले नियमात बसत नाही, उद्या रोजंदारीवाले पण येतील. एक मुख्य लिपिक म्हणाले, आपण त्याला घेतला तर भत्ता आपल्याला मान्य आहे असा अर्थ निघेल, आणि हा मुद्दा फालतू नव्हता, मला पण पटला. तासभर चाललं. मग खजिनदार बोलले, जे मार्चमध्ये रिटायर होणार आणि ज्यांच्या जागेवर कदाचित असाच कोणी येणार, की अरे मी गेलो की या टेबलाभोवती शिपाई कोण उरणार? घटना तुम्हीच लिहिली ना, मग बदला.

हात वर केले. घ्यायचं जास्त, नको कमी. वर्गणी निम्मी ठेवायची असं भाऊसाहेब म्हणत होते, पोरगा नको म्हणाला, पूर्ण देतो. मामांनी पावती फाडली, आणि पावती खिशात घालायच्या आधीच पोराने विचारलं, जुलैपासून भत्ता आला नाही, त्याचं कोणाकडे बोलायचं? भाऊसाहेबांनी वही काढली, शाळेचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, बिल टाकलंय का शाळेने ते आधी बघ, टाकलं असेल तर आवक नंबर घेऊन ये, मंगळवारी वेतन पथकाला जातोय मी.